पाण्याची इयत्ता

विहिरीच्या काठावर बसून कपडे राखण्याचे काम मुलींकडे असे. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या कोरडवाहू गावात उन्हाळ्याची सुट्टी लागली की, मुलगे पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत उतरत. मोट जाऊन विजेचा पंप आला होता. पण बैलांची धाव, थारोळे आणि काठाचे दगडी बांधकाम अजून जागच्या जागी होते. आठ-दहा दिवस डब्याच्या आधाराने हातपाय मारून झाले की, एखाद्या दुपारी घरातले कोणीतरी मोठे माणूस त्या मुलाला उचलून, डब्याशिवायच, पाण्यात टाकून देई. मुलगा खाली जाई, वर येई, ओरडे, हात मारी आणि पोहू लागे. पुढच्या सुट्टीपर्यंत तोच मुलगा धावेवरून पळत येऊन सूर मारताना दिसे. काठावर नऊ वर्षांची ती भावांचे सदरे मांडीवर घेऊन बसलेली असे. पाणी तिच्या वाट्याला येई ते चार शिंतोड्यांपुरते.

त्याच विहिरीत १९८५ च्या उन्हाळ्यात गावातली एक तरुण सून गेली. ‘विहीर जवळ केली’ असे आपल्याकडे म्हणतात. आणि हा शब्दप्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की, त्यातल्या ‘जवळ’ या शब्दापाशी कोणी थबकत नाही. एरवी पोहऱ्याची दोरी तुटली म्हणजे जो लोखंडी गळ पाण्यात सोडत, तोच गळ त्या दिवशीही सोडला गेला. तो रिकामा वर आला. शेवटी मुलांना पोहायला शिकवणारा मळ्यातला गडी तळाशी उतरला आणि त्याने तिला वर आणले. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांतली एक म्हातारी, कोणाला उद्देशून नव्हे, पण सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, “पवता येत असतं, तर हातांनी तिचं ऐकलं नसतं.”

मुलांना वाक्यांचा अर्थ कळत नाही, पण वाक्ये त्यांच्यापाशी राहतात. पोहणे ही आनंदाची गोष्ट आहे, व्यायामाची आहे, हे तिला पुढे शाळेच्या पुस्तकात वाचायला मिळाले. परंतु मरायचे ठरवले तरी हात ज्यामुळे मरू देत नाहीत अशी ती काही विद्या आहे, हे तिने त्याआधीच ऐकले होते. आणि ती विद्या गावातल्या एकाही मुलीला कोणी शिकवली नव्हती, हेही तिने पाहिले होते. त्या दिवसानंतर ती विहिरीच्या काठावर बसायला गेली नाही. भावांनी आपले सदरे बाभळीच्या फांदीवर टांगायला सुरुवात केली.

लग्न होऊन ती पुण्याला आली आणि एका शाळेत गणित शिकवू लागली. बावीस वर्षे तिने अपूर्णांक, समीकरणे आणि भूमितीची प्रमेये शिकवली. पाण्याशी तिचा संबंध नळापुरता राहिला. सहली समुद्रावर गेल्या की, ती मुलींच्या चपला सांभाळत वाळूत बसे. काम तेच होते, फक्त सदऱ्यांच्या जागी चपला आल्या होत्या.

२०२२ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, नेहमीच्या तपासणीत रक्तातली साखर सीमेवर आल्याचे निघाले. डॉक्टरांनी चालायला सांगितले. ती पहाटे टेकडीवर चालू लागली. चालता चालता, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून, एकदा दोन विजेच्या खांबांमधले अंतर ती धावली. आणि चोरी केल्यासारखी इकडेतिकडे पाहू लागली. तिच्या वयाची बाई रस्त्यात धावते ती बस पकडण्यासाठी किंवा कोणाला काही झाले म्हणून. कारणाशिवाय धावणे हे तिला बरेच दिवस एखाद्या खोट्या बोलण्यासारखे वाटत राहिले. पण दोन खांबांचे चार झाले, चाराचे दहा. दिवाळीपर्यंत ती न थांबता तीन किलोमीटर धावू लागली होती.

मुलगी शिकायला परगावी गेली होती आणि तिची गिअरची सायकल वाहनतळात धूळ खात उभी होती. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. शाळा सुटल्यावर, कारखान्याचा भोंगा झाल्यावर रस्ते सायकलींनी भरून वाहत, आणि त्यांत साडी नेसून सायकल चालवणाऱ्या स्त्रियाही असत. ते शहर आता स्वयंचलित वाहनांखाली गेले आहे. तरीही तिने सायकल पुसली, हवा भरली आणि शाळेत नेऊ लागली. खोगिराची उंची किती असावी, पायडल सर्वांत खाली गेल्यावर गुडघ्यात किंचित वाक का राहिला पाहिजे, चढावर जड गिअर रेटण्यापेक्षा हलका गिअर घेऊन पाय भरभर फिरवणे शहाणपणाचे का, हे सर्व तिला शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी सांगितले. पंक्चर झालेली ट्यूब काढून दुसरी बसवायलाही ती शिकली. तिच्या नखांत वंगणाचा काळा रंग राहू लागला, आणि खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांना तो शोभून दिसे.

एके दिवशी मधल्या सुट्टीत तेच क्रीडाशिक्षक सहज म्हणाले, “बाई, तुम्ही धावता, सायकल चालवता. तीनांतल्या दोन गोष्टी झाल्या. ट्रायथलॉनला आता पोहणंच तेवढं राहिलं.”

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन क्रिया, मध्ये विसावा न घेता, एकामागून एक करायच्या, एवढेच या खेळाचे स्वरूप. त्याचा इतिहासही फार जुना नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी, एका बुधवारी संध्याकाळी, अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात मिशन बे या खाडीकाठी धावपटूंच्या एका क्लबाने अशी शर्यत भरवली. ट्रायथलॉन या नावाच्या आधुनिक खेळाची सुरुवात तिच्यापासून धरतात. त्या संध्याकाळी ४६ जण उतरले होते, आणि त्यांपैकी एकालाही या खेळाचा पूर्वानुभव असणे शक्य नव्हते. सगळेच नवशिके होते. त्यांत नौदलातला एक अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्याची पत्नी ज्युडी हेही होते. पुढे हे कुटुंब हवाई बेटांवर गेले. तिथे चांगला दमदार खेळाडू कोण, पोहणारा, सायकलवाला की धावणारा, या वादातून कॉलिन्सने बेटावरच्या तीन लांब पल्ल्यांची एक शर्यत केली: सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणे. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ पुरुष निघाले आणि १२ जणांनी ती पुरी केली. दुसऱ्या वर्षी, १९७९ मध्ये, लिन लेमेअर ही सायकलपटू त्यांच्यात उतरली. ती पाचवी आली आणि ही शर्यत पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. १९८२ च्या फेब्रुवारीत ज्युली मॉस ही तरुण विद्यार्थिनी आपल्या महाविद्यालयीन प्रबंधाच्या निमित्ताने या शर्यतीत आली, शेवटपर्यंत आघाडीवर राहिली, अखेरच्या रेषेच्या अलीकडे कोसळली, आणि मागून एक स्पर्धक पुढे निघून गेल्यावरही रांगत जाऊन तिने रेषा गाठली. त्या दृश्याचे चित्रण जगभर पाहिले गेले. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला, तेव्हा आधी स्त्रियांची शर्यत झाली आणि दुसऱ्या दिवशी पुरुषांची. मराठी मुलखाला ही गोष्ट जवळची झाली ती अलीकडे. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची लांब पल्ल्याची शर्यत पुरी केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर तिच्या निम्म्या अंतराची शर्यत पहिल्यांदा भरली.

हे आकडे तिला घाबरवण्याजोगेच होते. पण या खेळाची एक लहान पायरीही असते: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. गणिताच्या दृष्टीने पाहिले तर एकूण अंतरात पोहण्याचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी भरतो. तिने ते गणित केले, आणि उत्तर बरोबर असूनही तिला काहीच धीर आला नाही.

महापालिकेच्या तलावावर संध्याकाळी स्त्रियांची स्वतंत्र वेळ होती. पहिल्या दिवशी ती घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घालून, त्यावर टॉवेल गुंडाळून, कपडे बदलण्याच्या खोलीत पंधरा मिनिटे बसून राहिली. बाहेर आली तेव्हा शिकवणारी मुलगी शिटी हातात घेऊन काठावर उभी होती. दोघींनी एकमेकींना ओळखले. दहा-बारा वर्षांपूर्वी ती मुलगी तिच्या वर्गात होती; मागच्या बाकावर बसायची, आणि दहावीच्या सराव परीक्षेत दोनदा गणितात नापास झाली होती.

“बाई, तुम्ही?” मुलगी म्हणाली. मग लगेच सावरून, “या ना बाई. कठडा धरा आणि खाली उतरा. कमरेइतकंच पाणी आहे.”

कमरेइतकेच होते. पण चेहरा पाण्यात घालायची वेळ आली तेव्हा तिला दगडी कड्यांच्या मधोमध असलेला तो काळा चौकोन दिसला. तिने मान वर काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. बाजूला सात-आठ वर्षांच्या पोरी फळीला धरून पाय मारत पलीकडे निघून जात होत्या.

“सोपं आहे, बाई,” मुलगी म्हणाली.

हा शब्द तिच्या रोजच्या वापरातला होता. फळ्यावर उदाहरण मांडून झाले की, ती वर्गाकडे वळून तो म्हणत असे. त्यात तुच्छता नसे. धीर देण्यासाठीच ती तो वापरी. बावीस वर्षांत तिने तो किती हजार वेळा उच्चारला असेल याची मोजदाद नव्हती. त्या संध्याकाळी तो तिला उद्देशून कोणीतरी पहिल्यांदा म्हटला, आणि त्याचे काम तिला समजले. सोपे आहे आणि तरी येत नाही, तेव्हा दोष उदाहरणाचा उरत नाही. जो बुडतो आहे त्याला पाणी उथळ असल्याचे सांगितल्याने तो वाचत नाही, फक्त एकटा पडतो. मागच्या बाकावरची ही मुलगी कोऱ्या वहीकडे पाहत तासन्‌तास मान खाली घालून बसायची. ती आळशी नव्हती. तिने श्वास धरून ठेवलेला होता.

मुलीच्याही लक्षात काहीतरी आले असावे. ती पोशाखासकट पाण्यात उतरली आणि शेजारी उभी राहिली. “बाई, तुम्ही श्वास घ्यायची घाई करताय,” ती म्हणाली, “आधी सोडा. पाण्याच्या आत सोडा. पूर्ण सोडला की, घ्यायचा तो आपोआप येतो.”

ही गोष्ट शरीरशास्त्रालाही धरून आहे. गुदमरल्याची भावना प्राणवायू संपण्याच्या बऱ्याच आधी येते. छातीत साठून राहिलेला कार्बन डायऑक्साइड तो इशारा देतो. नवशिका माणूस भीतीने भरपूर हवा आत घेतो आणि ती सोडत नाही. मग पुढचा श्वास घ्यायला जागाच राहत नाही, आणि हवेच्या सान्निध्यात तो हवेवाचून तळमळतो. तिने पाण्यात तोंड घातले आणि नाकातोंडातून बुडबुडे सोडले. ती कानांनी ऐकत होती ते बुडबुड्यांचे बोलणे. त्या संध्याकाळी दीड तासात ती केवळ एवढेच शिकली: श्वास सोडणे. घरी येऊन ती नऊ वाजताच झोपली.

पुढले महिने गणिताला न जुमानणारे होते. धावण्यात आणि सायकलीत जितके कष्ट घालावे तितके फळ ठरलेल्या मापाने मिळत गेले होते. पाण्यात कष्टांना किंमत नव्हती. ती जोराने हात मारी, आणि जागच्या जागी दमून जाई. तिच्या शेजारून एक साठीची लठ्ठ बाई संथपणे, जणू कोणी तिला दोरीने ओढत असावे तशी, पलीकडे पोहोचे. याचे कारण तिने कागदावर मांडून पाहिले. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा रोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून बळाने मिळणारा वेग थोडा आणि महाग. तेव्हा मिळवायचा तो कमी रोध. मान वर उचलली की पाय खाली जातात, पाय खाली गेले की शरीर आडवे न राहता तिरपे होते, आणि मग माणूस पाण्यातून जात नाही, पाणी ढकलत बसतो. मान सैल सोडून नजर तळाकडे ठेवली, तर पाय आपण होऊन वर येतात. म्हणजे जिथे पाहण्याची भीती वाटते तिकडेच पाहत राहायचे होते.

आणखी एक गोष्ट तिला शिकावी लागली, ती म्हणजे उताणे तरंगणे. छाती हवेने भरलेली असताना माणसाचे शरीर पाण्याहून अंमळ हलके असते. काही न करता ते वर राहते. काही न करणे हेच कठीण होते. शिकवणारी मुलगी तिच्या मानेखाली एक तळहात धरी आणि कधीतरी, न सांगता, काढून घेई. ज्या दिवशी तो हात नसल्याचे तिला बऱ्याच वेळाने कळले, त्या दिवशी ती पत्र्याच्या छपराकडे पाहत पाण्यावर पडून राहिली. कानांत पाणी असल्यामुळे जगाचा आवाज बंद झाला होता. शरीराला वर राहायचे असते. ते बुडायला तयार नसते. गावातल्या त्या सुनेचे शरीरही तयार नसणार. त्याला फक्त उपाय ठाऊक नव्हता. ही गोष्ट अडतीस वर्षांपूर्वी एका म्हातारीने सांगून ठेवली होती. तिचे डोळे भरून आले. पण तलावात त्याचा कोणाला पत्ता लागत नाही.

तीन महिन्यांनी ती पंचवीस मीटरची एक फेरी न थांबता गेली. अकरा महिन्यांनी तीस फेऱ्या, म्हणजे ७५० मीटर. त्या दिवशी शिकवणारी मुलगी काठावर बसून प्रत्येक फेरीला बोटे मोजत होती, आणि तिच्या मोजण्यात दोन फेऱ्यांची चूक झाली. बाईंनी ती सुधारली नाही. बत्तीस फेऱ्या झाल्या.

पोहायला आले म्हणजे तयारी झाली असे नाही. तीन क्रिया वेगळाल्या येणे आणि त्यांचे सांधे जुळणे यांत फरक असतो. सायकलीवरून उतरून लगेच धावू लागले की, पाय आपले राहत नाहीत. तासभर गोल फिरलेल्या स्नायूंना सरळ जाण्याची आठवण यावी लागते. त्याचा सराव म्हणून सायकल आणि धावणे एकाला एक जोडून करतात. त्याला ‘ब्रिक’, म्हणजे वीट, असा शब्द आहे. क्रीडाशिक्षकांनी तो सांगितला तेव्हा ती हसली. मराठीत वीट येते ती कंटाळ्याने, आणि विटेवर उभे राहायचे ते कोणाची तरी वाट पाहत. पंढरपूर तिच्या माहेरापासून दूर नव्हते. रविवारी सकाळी ३० किलोमीटर सायकल चालवून, ती भिंतीला टेकवून, लाकडी पायांनी पहिला किलोमीटर धावताना दोन्ही अर्थ तिला पटत.

तिची आई त्या वर्षी तिच्याकडे राहायला आली होती. एकेकाळी आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत, म्हणजे सुमारे २५० किलोमीटर, ती चालत गेली होती. नऊवारीत, डोक्यावर गाठोडे घेऊन, कोणत्याही सरावाशिवाय. पहाटे पाचला मुलगी बुटांच्या नाड्या बांधताना पाहून आई म्हणाली, “एवढं पळून पोहोचायचं कुठं?” तिच्यापाशी उत्तर नव्हते. वारीला विठ्ठल असतो. या शर्यतीत जिथून निघायचे तिथेच परत यायचे असते. पोहण्याविषयी तिने आईला काहीच सांगितले नव्हते. एकदा तारेवर वाळत घातलेला पोहण्याचा पोशाख आईने पाहिला, हाताने चाचपला, आणि घडी करून कपाटात ठेवला. संध्याकाळी भाजी निवडताना ती खाली मान घालूनच म्हणाली, “आमच्या वेळी कुणी शिकवलं नाही.” त्यापुढे दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत. त्या उन्हाळ्यातली सून आईच्या सोबतीने दळायला जात असे.

शर्यत फेब्रुवारी २०२४ मध्ये, दक्षिण महाराष्ट्रातल्या एका शहराबाहेरच्या जुन्या तलावावर होती. पहाटेच्या अंधारात दंडावर काळ्या शाईने क्रमांक लिहिला गेला. सायकली लोखंडी दांड्यांना टांगलेल्या होत्या. त्यांच्याखाली प्रत्येकाने आपापला संसार मांडला होता: टॉवेल, बूट, पाण्याची बाटली, लिंबू-मिठाचे सरबत. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल दांडीवरून काढायची नाही, आखलेल्या रेषेआधी तिच्यावर बसायचे नाही, असे नियम पुन्हापुन्हा सांगितले जात होते. तिच्या आजूबाजूला बहुतेक तरुण होते. तिच्या एवढ्या वयाच्या तीन-चार स्त्रिया होत्या, आणि त्या एकमेकींकडे पाहून ओळख असल्यासारख्या हसल्या.

तलावाला कठडा नसतो, तळावर काळी रेघ नसते, पंचवीस मीटरवर भिंत येत नाही. पाणी हिरवट-काळे होते आणि हात पुढे घातला की कोपरापलीकडे दिसत नव्हता. दिशा राहावी म्हणून काही हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून नारिंगी फुगा पाहायचा असतो. तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो समोर होता. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा डावीकडे. कोणाचा तरी पाय तिच्या खांद्याला लागला. तिने श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणखी एक घेतला. छाती भरून गेली आणि हवा मिळेना. खाली तो काळा चौकोन पसरत चालला होता, आणि त्याला आता दगडी कडाही नव्हत्या. बचावाच्या होडीतला मुलगा तिच्याकडे पाहत होता. हात वर केला असता तर तो आला असता, आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते.

ती उताणी झाली. हे तिने ठरवून केले असे नंतर तिला सांगता आले नाही. वर फिकट होत चाललेले आकाश होते. तिने श्वास सोडला, सगळा, पोटापासून. मग आपोआप एक आत आला. चार-पाच वेळा असे झाले. आणि तिचे हात, तिला न विचारता, पाण्यात हळूहळू हलत होते. तिला वर ठेवण्यापुरते, त्याहून अधिक नाही. ती पालथी झाली, फुगा शोधला आणि मोजत निघाली.

पोहण्याला २७ मिनिटे लागली, सायकलीला ५८, धावण्याला ४०. कपडे-बूट बदलण्याच्या दोन सांध्यांना मिळून ९. बेरीज २ तास १४ मिनिटे. मागे फारसे कोणी उरले नव्हते. धावण्याचा शेवटचा टप्पा तलावाच्या बांधावरून होता आणि उजव्या हाताला ते पाणी उन्हात चमकत होते. तिने त्याच्याकडे पाहिले. ते पाणी जिंकल्यासारखे तिला वाटले नाही. कोणी पाणी जिंकत नाही. त्याच्याशी बोलण्याइतपत ओळख मात्र झाली होती.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गात तिने फळ्यावर समीकरण मांडले, वर्गाकडे वळली, आणि सवयीने तोंडाशी आलेला शब्द मागे घेतला. मागच्या बाकावर एक मुलगा कोऱ्या पानावर पेन टेकवून बसला होता. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. काही बोलली नाही. जरा वेळाने त्याने स्वतःच एक ओळ लिहिली. ती चुकीची होती, पण ओळ होती.

त्याआधी मे महिन्यात ती माहेरी गेली होती. विहिरीचे थारोळे आता मातीत गेले आहे, धावेवर गवत आहे. बोअर घेतल्यापासून तिच्याकडे कोणी फारसे जात नाही. मुलगे आता दुचाकीवरून धरणावर पोहायला जातात. मुली अजूनही कुठे जात नाहीत. भावाने तळातला गाळ काढायचे ठरवले होते, म्हणून थोडेसे स्वच्छ पाणी दिसत होते, पायऱ्यांच्या वर छातीइतके. भावाची दहा वर्षांची मुलगी तिच्याबरोबर आली होती. ती काठापासून चार पावलांवर थांबली. तिला कोणी तसे सांगितले असावे, किंवा सांगावे लागलेही नसेल.

आत्याने माळ्यावरून शोधून आणलेला पत्र्याचा डबा तिच्या पाठीला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. मग स्वतः पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहिली. म्हातारीचे ते वाक्य तिने मुलीला सांगितले नाही. अजून पुष्कळ वर्षे ते सांगण्याची गरज नव्हती. सोपे आहे असेही ती म्हणाली नाही.

“ये,” ती म्हणाली. “मी इथेच आहे. तोंड पाण्यात घाल, आणि आधी श्वास सोड.”